तुम्ही विचारा, मी सांगते : फोटोतली बाई आणि पऱ्हाटीतली माणसं

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या १९२९ नंतरच्या मंदीवर, आणि त्या धुळीच्या वादळांच्या काळात ओक्लाहोमाकडून कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मजुरीला गेलेल्या लोकांवर थोडंसं लिहिलं होतं आणि सोबत तो सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलेला फोटो छापला होता. गालाला हात टेकवलेली बाई, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवून बसलेली दोन पोरं, मांडीवर तान्हं. त्यावर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं, टपालानं आले, व्हॉट्सअ‍ॅपवर आले, एक तर सीताबर्डीत भाजी घेताना तोंडी आला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, जे पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

प्रश्न : ताई, ती बाई कोण होती? तिचं पुढे काय झालं? माझ्या मुलीला शाळेत प्रोजेक्ट आहे, नेटवर दहा ठिकाणी दहा गोष्टी आहेत. (एक आई, धरमपेठ)

तिचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन. फोटो मार्च १९३६ चा, कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळचा, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावरचा. फोटो काढणारी डोरोथिया लँग, ती सरकारी नोकरीत होती, खेड्यापाड्यातली परिस्थिती टिपून आणायची. महिनाभराचं काम आटोपून घरी चालली होती, रस्त्यात त्या तळाची पाटी दिसली, तरी थांबली नाही, वीसेक मैल पुढे गेली आणि मग काय वाटलं कोण जाणे, गाडी वळवली. त्या बाईजवळ ती जेमतेम दहा मिनिटं होती. नाव विचारलं नाही. वय विचारलं, बत्तीस. आता फोटो परत बघा बरं, बत्तीसची वाटते का ती?

पाऊस आणि थंडीनं वाटाण्याचं पीक मेलं होतं, आणि तळावर अडीच हजारांच्या वर माणसं कामाची वाट बघत बसली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या पेपरात फोटो आले तसं सरकारनं २०,००० पौंड अन्नधान्य तिथे पाठवलं. तोवर ही बाई पोरांना घेऊन पुढच्या गावी निघून गेलेली, म्हणजे जिच्या चेहऱ्यामुळे ट्रक आले तिच्या ताटात त्यातलं काहीच पडलं नाही.

मुलीच्या प्रोजेक्टसाठी दोन गोष्टी नीट लिहून घ्या, कारण नेटवर याच चुकतात. एक म्हणजे ती धुळीच्या वादळातून पळून आलेली नव्हती. जन्म ओक्लाहोमाचा, चेरोकी आदिवासी घरातली, पण कॅलिफोर्नियात ती मंदीच्या आधीच आली होती. नवरा १९३१ ला टीबीनं गेला तेव्हा पाच लेकरं होती आणि सहावं पोटात. दुसरी गोष्ट, फोटोखालच्या माहितीत लिहिलंय की त्यांनी गाडीचे टायर विकून जेवण आणलं. घरच्यांनी नंतर सांगितलं की असं काही झालंच नाही, गाडी बिघडली होती आणि तिच्यासोबतचा माणूस मोठ्या पोरांना घेऊन बिघडलेला भाग दुरुस्त करून आणायला गावात गेला होता, ती वाट बघत बसली होती. टायर विकले असते तर गेले कसे असते हो तिथून?

तिचं नाव जगाला कळलं १९७८ मध्ये. फोटो सरकारी, त्यामुळे कोणीही छापायचा, तिला एक पैसा मिळाला नाही, आणि याचा तिला राग होता, उघड बोलून दाखवला तिनं. १९८३ ला आजारपणात दवाखान्याचा खर्च झेपेना म्हणून पोरांनी लोकांकडे मदत मागितली तेव्हा पैसे जमले, त्याच वर्षी ती वारली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या पोस्टानं तिच्या फोटोचं तिकीट काढलं, बत्तीस सेंटचं.

प्रश्न : ताई, माह्या घरी पाच एकर पऱ्हाटी हाये. आमच्याकडं बी धूळ उडते, दुष्काळ बी पडते, पण म्हणून कोनी गाव सोडून हजार मैल नाई जात. ते लोकं काऊन गेले येवढ्या दूर? (एक शेतकरी, हिंगणघाटकडचे)

भाऊ, तुमचा प्रश्न सगळ्यात भारी आहे. तुम्ही पऱ्हाटीवाले, म्हणजे कापूसवाले, म्हणून तुम्हाला खटकलं, बाकीच्यांना नाही खटकलं.

धूळ खोटी नव्हती. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी असं काळं वादळ आलं की भर दिवसा दिवे लावावे लागले, त्या दिवसाला आजही काळा रविवार म्हणतात. पण धुळीचा पट्टा म्हणजे ओक्लाहोमाचं पश्चिमेचं आणि टेक्सासचं उत्तरेचं टोक, कॅन्सस, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोचा काही भाग. तो मुख्यतः गव्हाचा मुलूख. आणि कॅलिफोर्नियाला जे लोक गेले, त्या दहा वर्षांत ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा आणि मिसुरी मिळून तीन लाखांच्या वर, त्यातले बहुतेक त्या पट्ट्यातले नव्हतेच. ते त्याच्या पूर्वेकडचे. कापसाच्या मुलखातले. त्यातले शेती करणारे बरेचसे स्वतःची जमीन नसलेले, मालकाचं वावर बटईनं किंवा मक्त्यानं करणारे.

त्यांना उठवलं भावानं, आणि मग योजनेनं. १९२९ ला पौंडाला साधारण १७ सेंट असलेला कापूस १९३१ च्या हंगामात ६ सेंटच्या खाली आला. (आपल्या वऱ्हाडात त्याच वेळी काय झालं हे तुमच्या आजोबा-पणजोबांनी सांगितलं असेलच, मुंबईचा भाव शेवटी लिव्हरपूल-न्यूयॉर्ककडे बघूनच हलायचा, तिकडे पडला की इकडे पडलाच. अमेरिकेत यादवी झाली तेव्हा १८६१ ते ६५ मध्ये याच दोरीनं आपला कापूस वर नेला होता, आता त्याच दोरीनं खाली आणला. सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमध्ये, म्हणजे आपल्या तेव्हाच्या मध्य प्रांतात, १९३३ ला कर्ज तडजोडीचा कायदा आणावा लागला तो याच दिवसांत.)

मग रूझवेल्ट सरकारनं १९३३ ला ठरवलं की माल जास्त झालाय म्हणून भाव पडलाय, तर पेरा कमी करा, आम्ही पैसे देतो. पहिल्या वर्षी तर उभी पऱ्हाटी नांगरून टाकायला लावली, एक कोटी एकराच्या आसपास. विचार करा भाऊ, बोंडं लागलेल्या तासावरून खेचर चालवायचं. आता गंमत अशी की पैसा मिळायचा जमीनमालकाला. त्यानं कुळाला वाटा द्यावा असं कागदावर होतं, पण ज्याच्या हातात चेक त्याच्या हातात काठी. पेरा कमी केला म्हणजे कुळंही कमी लागली, आणि आलेल्या पैशातून कित्येकांनी ट्रॅक्टर घेतला म्हणजे उरलेलीही नको झाली. तिकडे शब्दच पडला होता, अमक्याला ट्रॅक्टर लावून काढलं. म्हणजे धुळीच्या पट्ट्याबाहेरच्या गावातली माणसं, सरकारी मदतीमुळे बेघर झाली. मला विचाराल तर सगळ्या गोष्टीत मला हेच सगळ्यात जास्त लागतं. धुळीचे फोटो येतात, चेकचा फोटो कोणी काढत नाही.

आणि तुम्ही म्हणता ना की आपल्याकडे कोणी जात नाही, तर जातात भाऊ, तुमच्या लक्षात येत नाही एवढंच. गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडची गावंच्या गावं मिरची तोडायला तेलंगणात उतरतात, आणि तुमच्याच वावरात वेचणीला मध्यप्रदेशातली टोळी येत असेल. बघा एकदा विचारून.

प्रश्न : तुम्ही लेखात बागायतदारांना व्हिलन केलं. आमची संत्र्याची बाग आहे, तोडाईला मजूर मिळत नाही, मिळाला तर उचल घेऊन पळतो, रेट दरवर्षी वाढतो. मालकाची बाजू कोण मांडणार? (एक बागायतदार, काटोल)

दादा, तुमची अडचण खरी आहे, आणि तुम्ही स्वतः बागेत उभे राहणारे आहात हे पत्रावरूनच कळतं. पण तुमची बाग आणि तिकडचे मळे एकच आहेत असं समजू नका. कॅलिफोर्नियातले मोठे मळे म्हणजे हजारो एकर, मागे बँका, कॅनिंगच्या कंपन्या, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी मालकांच्या संघटनेनं बसून ठरवलेला एकच रेट, जो सगळीकडे तोच. मजुराला दुसरीकडे जाऊन बघतो म्हणायची सोयच नाही. तुम्ही जे म्हणता ते मजूर कमी असल्याचं दुखणं आहे. तिथे उलट होतं, एका जागेला तीन-तीन माणसं उभी, आणि चौथा कमी पैशात करायला तयार कारण त्याच्या घरी काल चूल पेटली नाही.

रेटचंच सांगते. १९३३ चा ऑक्टोबर, सॅन वाकीन खोऱ्यातली कापूस वेचणी. मालकांनी ठरवलं शंभर पौंडाला साठ सेंट. शंभर पौंड म्हणजे आपले पंचेचाळीस किलो. मजूर म्हणाले एक डॉलर. दिवसाला दोनशे पौंड वेचले असं धरा, म्हणजे साठच्या हिशोबानं दिवसाचे एक डॉलर वीस सेंट, त्यातून पेट्रोल, त्यातून मळ्याच्याच दुकानातलं महागडं पीठ, आणि पाऊस पडला की दोन दिवस शून्य. संप झाला, अठरा हजारांच्या आसपास माणसं उतरली, बरीचशी मेक्सिकन. मळ्यातल्या खोल्यांतून बाहेर काढलं तर कोरकोरन गावाबाहेर तंबूंचं गावच उभं केलं त्यांनी. १० ऑक्टोबरला पिक्सली गावात मालकांच्या माणसांनी गोळ्या झाडल्या, दोघं मेले, त्याच दिवशी आर्विनला आणखी एक. खटला चालला, सगळे सुटले. शेवटी पंच बसून रेट ठरला पंच्याहत्तर सेंट.

मी कोणाला व्हिलन नाही केलं दादा, रेट कोण ठरवतो आणि कोणत्या खोलीत बसून ठरवतो एवढंच लिहिलं होतं. बाकी उचल घेऊन पळतो म्हणता, तर ती उचल ठेकेदाराच्या हातात दिली होती की मजुराच्या, हे पण तपासा, बरेचदा पळालेला वेगळाच निघतो.

आणि हो, एक राहिलंच. त्या मेक्सिकन मजुरांना मंदी आली तशी गाड्यांत, रेल्वेत बसवून सीमेपार पाठवायला सुरुवात झाली होती, कोणी घाबरून गेले कोणी जबरदस्तीनं, चार लाखांपासून दहा लाखांच्या वर असे वेगवेगळे अंदाज आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त तर अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे कायद्यानं तिथलेच नागरिक. त्यांनी रिकाम्या केलेल्या कितीतरी जागांवर मग हे ओक्लाहोमावाले आले. गोरे, इंग्रजी बोलणारे, स्वतःला इथलेच समजणारे. तरी ‘ओकी’ ही शिवी झालीच.

प्रश्न : लहान मुलं पण काम करायची का? त्यांना शाळा होती का? (इयत्ता आठवी, नंदनवन)

हो बेटा, करायची. वाटाणे तोडायला, कापूस वेचायला, बटाटे गोळा करायला घरचे सगळेच हात लागायचे, कारण पैसे वजनावर मिळायचे. शाळा होती पण तीन महिन्यांनी गाव बदललं की शाळाही बदलायची. आणि त्या शाळेत चप्पल नाही, फ्रॉक पिठाच्या पोत्याचा, बोलणं गावठी, मग वर्गातली मुलं हसायची, आणि खरं सांगायचं तर काही शिक्षकही त्यांना मागे जमिनीवर बसवायचे.

पण एक छान गोष्ट झाली. कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) लिओ हार्ट नावाचे शिक्षणाधिकारी निवडून आले. ते सरकारनं मजुरांसाठी काढलेल्या आर्विनच्या तळाला लागून असलेल्या मोकळ्या जागेत जायचे आणि खेळणाऱ्या मुलांजवळ बसून त्यांनाच विचारायचे की तुम्हाला काय हवंय. १९४० मध्ये त्यांनी तिथेच दहा एकर जागा भाड्यानं घेतली आणि तळावरच्या मुलांसाठी वेगळी शाळा काढली. पैसे नव्हते, मग मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून ती बांधली, विटा, नळ, वायरिंग सगळं शिकत शिकत. भाजी पिकवली, डुकरं पाळली. एक जुनं विमान आणून मोठ्या मुलांना त्याचं मेकॅनिकचं काम शिकवलं. पोहायचा तलाव मुलांनीच खणला. आणि मग काय झालं माहिती आहे का, गावातली जी मुलं यांना हसायची त्यांचे आईबाप विचारायला लागले की आमच्या पोरांना घेता का तुमच्या शाळेत!

प्रश्न : सरकारनं काहीच केलं नाही का? आणि पोलीस राज्याच्या सीमेवर अडवायचे असं ऐकलं ते खरं का? (दोन-तीन जणांनी विचारलं)

सीमेचं खरं आहे. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीस प्रमुखानं आपले १३६ पोलीस राज्याच्या सीमेवरच्या सोळा नाक्यांवर पाठवले. शहराचे पोलीस राज्याच्या सीमेवर, म्हणजे आपल्या नागपूरच्या पोलिसांनी देवरीच्या पुढे जाऊन छत्तीसगडची गाडी अडवावी तसं. खिशात पैसे नाहीत, काम ठरलेलं नाही, की चल वापस. काही आठवडे चाललं, मग बोंबाबोंब झाली आणि बंद पडलं. शिवाय राज्याचा कायदाही होता, गरीब माणसाला बाहेरून आणणं हा गुन्हा. एडवर्ड्स नावाचा माणूस बायकोच्या बेकार भावाला टेक्सासहून गाडीत घालून घेऊन आला म्हणून त्याला शिक्षा झाली, साळ्याला घरी आणल्याबद्दल शिक्षा! ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये कोर्टानं तो कायदाच उडवला. आपल्याकडे देशात कुठेही फिरायचा, राहायचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमात सरळ लिहिलेला आहे, तरी २०२० च्या मे महिन्यात वर्धा रोडवर हैदराबादकडून चालत आलेल्या लोकांना आम्ही खिचडी वाढत होतो तेव्हा एकानं मला विचारलं होतं, ताई पुढच्या नाक्यावर सोडतात ना. त्याला घटनेचं कलम कुठे सांगत बसू.

सरकारनं केलं ते म्हणजे तळ. १९३५ पासून कॅलिफोर्नियात आर्विन, मेरीसव्हिल अशा ठिकाणी. तंबूला लाकडी फळ्यांची जमीन, गरम पाण्याच्या आंघोळीची सोय, संडास, कपडे धुवायचे हौद, नर्स, पाळणाघर, शनिवारी नाच. कारभार मजुरांचीच निवडलेली कमिटी बघायची. जो माणूस कालपर्यंत कालव्याच्या काठी पुठ्ठे आणि पत्रे जोडून राहत होता, तेच पाणी पीत होता आणि त्यातच पोरं धूत होता, त्याला हे काय वाटलं असेल. आजूबाजूच्या मळेवाल्यांना हे तळ अजिबात आवडले नाहीत, एकत्र राहिले की युनियन करतील ही भीती. पण गरजेच्या मानानं तळ थोडे, बहुतेक जण कालव्याच्या काठीच राहिले.

कायद्याचं मात्र ऐका. १९३५ ला कामगारांना युनियनचा हक्क देणारा कायदा आला, त्यात शेतमजूर वगळले. त्याच वर्षी म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा आला, शेतमजूर वगळले. १९३८ ला किमान मजुरी आणि कामाचे तास आले, परत वगळले. कारखान्यातल्या माणसाला छत्री आणि वावरातल्याला पाऊस.

मग शेवट कसा झाला असं कोणीतरी विचारलंय. युद्धानं. १९४१-४२ पासून जहाजाचे, विमानाचे कारखाने लागले, लोक तिकडे गेले, आणि वावरात माणसं कमी पडली तशी १९४२ मध्ये सरकारनं करार करून मेक्सिकोतूनच मजूर बोलावले. ज्यांना गाडीत बसवून पाठवलं होतं त्यांचेच भाऊबंद.

प्रश्न : आमच्या शेतावर सिवनीकडचं कुटुंब चार महिने राहतं. त्यांचं रेशन कार्ड तिकडचं. इथे धान्य मिळतं का? (एक वाचक, पारशिवनी)

मिळतं. अन्न सुरक्षा कायद्यातलं कार्ड असेल आणि आधार जोडलेलं असेल तर एक देश एक रेशन कार्डाखाली देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. सगळं एकदम घ्यावं लागत नाही, इथल्यांनी आपल्या वाट्याचं इथे घ्यावं आणि गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी उरलेलं तिकडे. दुकानदार बाहेरचं कार्ड चालत नाही म्हणाला तर तुम्ही स्वतः सोबत जा, तुमचं ऐकेल, त्यांचं नाही ऐकणार. तहसीलच्या पुरवठा शाखेत तक्रार करता येते.

प्रश्न : ते लोकं कापूस कशात वेचत? आपल्यासारखी ओटी बांधत का? (एक वाचक भगिनी, उमरेड)

काकू, ओटी नाही. जाड कापडाची लांबच लांब पिशवी, नऊ-दहा फूट, काही तर बारा फूट, त्याचा पट्टा खांद्यावर अडकवायचा आणि पिशवी मागे तासात ओढत न्यायची. सुरुवातीला हलकी, पण निम्मं तास झालं की तीस-चाळीस किलोचं धूड कमरेला बांधल्यासारखं. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांशेजारची कातडी फाटायची, ते तुम्हाला मी काय सांगू. भरली की काट्यावर, पिशवीचं वजन वजा, आणि काटा मालकाचा, त्यावरून भांडणं ठरलेलीच. फ्लॉरेन्सनंच म्हातारपणी सांगितलं होतं की ती दिवसाला साडेचारशे-पाचशे पौंड वेचायची आणि तिचं स्वतःचं वजन शंभरसुद्धा नव्हतं. लहान लेकरू कुठे ठेवायचं हा प्रश्न तिथेही होता, झाडाची सावली नाही, मग बाया लेकराला त्या पिशवीवरच बसवायच्या आणि कापसासोबत त्यालाही ओढत न्यायच्या, असे फोटो आहेत.

आपल्याकडे सीतादहीला, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीच्या पूजेला, ओटीचं कापड नवं घ्यायची पद्धत माझ्या आईच्या माहेरी होती. तुमच्याकडे जुन्या लुगड्याचं करतात की युरियाच्या पोत्याचं, ते कळवा, पुढच्या अंकात घेते.